आये भूमितीच्या तासाला

बसल्या जागी माझा उजवा पाय सारखा हलत असे. जेवताना, अभ्यासाला बसल्यावर, देवळात आरतीला उभी असतानासुद्धा. बाबा म्हणायचे, "ह्या पोरीच्या पायात इंजान बसवलेला हाय, फक्त सुकाणू बसवायचा ऱ्हायला." मला एका जागी थांबणं जमत नसे. पाणी आणायला गेले तर विहिरीवर कळशी ठेवून बंदरापर्यंत पळत जाऊन येई. आणि नेमकं नववीच्या वर्षी नशिबात आलं ते असलं एक शास्त्र, की ज्यात माणसाने एका त्रिकोणासमोर अर्धा तास हलू नये अशी अपेक्षा होती.

रत्नागिरीत बंदराकडच्या बाजूला आमचं घर. दोन खोल्या, पुढे पडवी, वर कौलं. थोरला भाऊ मुंबईला गोदीत लागलेला, त्यामुळे घरात बाबा, आये आणि मी, तिघंच. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असत. बाबा एरवी समुद्रावर, ते अडीच-तीन महिने पडवीत. जाळ्याचं टोक खांबाला बांधलेलं, दुसरं पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, आणि हातातली सुई दोऱ्यातून खस् खस् करत जायची. बोलणं कमी. मधूनच खाडीकडे बघून, "वारो फिरलाय," एवढंच. आये मात्र पावसाळ्यातही घरी बसत नसे. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बांगडे, सुकट, सोडे यांची पोती माळ्यावर रचलेली असत. त्यातलं टोपलीभर घेऊन ती सकाळी बाजारात जाई आणि दुपारी परत येई. सगळ्या घराला त्या पोत्यांचा वास. माझ्या निळ्या स्कर्टला, वह्यांना, कंपासपेटीलाही. दुपारच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी, संध्याकाळी भात आणि सोड्यांचं कालवण. आता मी राहते त्या इमारतीत सुका बांगडा भाजायचा म्हणजे आधी सगळ्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात. तरी वरच्या मजल्यावरून विचारणा होतेच. तेव्हा मी जरा मोठ्यानेच सांगते, "हो, आमच्याकडेच."

भूमिती शिकवायला माने सर होते. कऱ्हाडकडचे. नुकतेच बदलून आलेले, एकटे राहणारे, उंच आणि काटक. त्यांची बोली घाटावरची, आमची किनाऱ्यावरची. ते "बस की खाली" म्हणाले की मागच्या बाकांवर हसू फुटायचं. "गप्प बसा, न्हाईतर एकेकाला उभा चिरीन," असं ते म्हणत, पण हात कुणावर उगारत नसत. त्यांची जीभच पुरेशी होती. फळ्यावर हाताने, कंपास न वापरता, असं गरगरीत वर्तुळ काढायचे की आम्ही बघत राहायचो. मग वर्तुळाखाली तीन शब्द येत: पक्ष, साध्य, सिद्धता. आणि तिथून माझं डोकं भर समुद्रात भरकटायचं. पक्ष म्हणजे आपल्याला काय दिलंय, साध्य म्हणजे काय दाखवायचंय, हे समजत होतं. पण दिलेल्यापासून दाखवायच्यापर्यंत माणूस जातो कसा, ते कुणी सांगत नव्हतं. मी त्यावर माझ्यापुरता उपाय काढला. सगळ्या सिद्धता पाठ. अ, ब, क सकट. आरती पाठ करावी तशा घडाघडा.

जुलैत एके दिवशी सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं. प्रमेय साधंच होतं. दोन रेषा एकमेकींना छेदल्या की समोरासमोरचे कोन सारखे असतात. मी हात झटकत गेले, कारण हे तर मला झोपेतही येत होतं. सरांनी आकृती काढली आणि बिंदूंना नावं दिली म, न, र, स. मी लिहायला लागले. पहिली ओळ बरोबर आली. दुसऱ्या ओळीत माझ्या हाताने आपसूक "कोन अ" लिहिलं. "अ कुठाय यात?" सरांनी विचारलं. मी पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा "अ". मला म, न, र, स यांच्यात काहीच दिसत नव्हतं. चार अनोळखी माणसं दारात उभी असावीत तसं. सर टेबलावर खडू आपटून म्हणाले, "पोपट! नुसता पोपट हाय हा. पिंजरा बदलला की बोलती बंद." वर्ग हसला. संध्याकाळी घरी जाताना रस्त्यावर मला दोन मुलींनी "मिठू मिठू" केलं, आणि त्या आठवड्यात झालेल्या घटक चाचणीत मला वीसपैकी चार मिळाले.

मग मी भूमितीच्या तासाला जाणं बंद केलं. हजेरी सकाळच्या पहिल्या तासाला होई, भूमिती मधल्या सुट्टीनंतर. सुट्टीत दप्तर उचलायचं आणि फाटकाबाहेर. पावसात जाणार कुठे? मी एस.टी. स्टँडवर जाऊन बसू लागले. तिथे शाळेचा गणवेश कुणाच्या डोळ्यांत येत नसे. दापोली, चिपळूण, देवरूख, राजापूर अशा पाट्या लावलेल्या गाड्या चिखल उडवत फलाटाला लागायच्या. कंडक्टर तोंडात शिटी धरून गाडी मागे घ्यायला लावायचे. ध्वनिक्षेपकावरचा माणूस सर्दी झाल्यासारख्या आवाजात गाड्या पुकारायचा. प्रत्येक गाडी सुटली की मला वाटे, आपण हिच्यात बसलो असतो तर? कुठे जाऊन काय करणार, याचा विचार नव्हता. नुसतं जायचं होतं. पण गंमत अशी की तिथेही जीव रमत नसे. तासाची वेळ संपेपर्यंत मी दर पाच मिनिटांनी स्टँडवरच्या घड्याळाकडे बघत असे. वर्गात बसून जेवढी तळमळ झाली नसती, तेवढी तिथे बाकावर होई.

त्यात घरी आत्याचं येणं-जाणं वाढलं होतं. बाबांची ही धाकटी बहीण मिरजोळ्याला कोलंबी सोलायच्या कारखान्यात कामाला जाई. बोटांची टोकं बर्फाने पांढरी आणि सुरकुतलेली. ती वाईट बाई नव्हती. मला नाटकात काम करणारी माणसं कशी चालतात ते करून दाखवायची. एका रविवारी ती बाबांना म्हणाली, "दादा, कुंदाला नववीत नापास होऊन रडवण्यापेक्षा माज्याबरोबर पाठव. पोरीचे हात चपळ हायत. तिकडं चपळ हातांना मान हाय." बाबांची सुई चालत राहिली. आये चुलीपाशी होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली नाही आणि ती एका बाजूने करपली. आयेची भाकरी करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. तिला स्वतःला चौथीतून काढलेलं होतं. धाकट्या भावंडांना सांभाळायला. हे ती कधी तक्रारीच्या सुरात सांगत नसे. पण पुड्या बांधायच्या कागदाचा प्रत्येक तुकडा ती आधी वाचायची आणि मग त्यात सुकट बांधायची.

खरं सांगायचं तर मला कारखान्याची भीती वाटत नव्हती, मोहच वाटत होता. सकाळी गाडी, डबा, मैत्रिणी, आणि कुणीही विचारणार नाही की "कशावरून?" मी मनातल्या मनात अर्धी तिकडे गेलेच होते.

ऑगस्ट लागता लागता एका दुपारी घरी आले तर आये पडवीच्या पायरीवर बसलेली. टोपली शेजारी.

"आज काय शिकलीस गो भूमितीत?"

"वर्तुळ," मी म्हटलं.

"वर्तुळ? आनि मग मास्तरला कसा नाय ठावक?"

झालं होतं असं की माने सर रविवारी गावी जाणार होते म्हणून घरच्यांसाठी सुकट घ्यायला बाजारात आले. घाटावरच्या माणसाला सुकटीचं भारी वेड. ताजी मासळी त्यांना ओळखता येत नसे, सुकट मात्र ते चिमटीत धरून हुंगून घेत. पुडी बांधता बांधता आयेने सहज विचारलं, "मास्तरांनू, आमची कुंदा कशी हाय?" सर म्हणाले, "कुंदा? ती तर पंधरा दिस झालं, तासालाच न्हाई."

बाबांची सुई थांबली. मला वाटलं आता मार बसणार. बसला असता तर बरं वाटलं असतं. पण आये म्हणाली, "कुठं असायचीस?"

"स्टँडावर."

"कोन होता बरोबर?"

"कोणी नाय. एकटीच."

तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि तिला ते खरं वाटलं असावं. "एवडा काय भयंकर हाय त्या वर्गात?" ती म्हणाली. "वाघ बांधलाय काय?"

"तुला नाय कळणार."

मी असं म्हटलं. चौथीतून काढलेल्या बाईला. ते वाक्य आजही मला मधूनच आठवतं, भाजी निवडताना वगैरे, आणि मी एकटी असले तरी माझा चेहरा गरम होतो. आये उठली, लुगड्याचा चिखल झटकला आणि म्हणाली, "बरा. मग उद्या येत्ये मीच बगायला." मी समजले की धमकी आहे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर मी मुकाट वर्गात बसले. माझ्या शेजारची मुलगी टायफॉइडने महिनाभर घरी, म्हणून बाकावर जागा मोकळी होती. माने सर आले, फळा पुसला, आणि त्यांच्या मागोमाग दारात आये. बाजारातून तशीच आलेली. रिकामी टोपली काखेत, डोक्यावर इरलं, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. सगळा वर्ग वळला. सरांनी तिला ओळखलं. "काय ओ बाई?"

"काल म्हनला नव्हता काय, दार उघडाच असतंय म्हणून? तर बसाया आल्ये."

सरांनी काल बाजारात गमतीत म्हटलेलं ते आता त्यांच्या अंगाशी आलं होतं. त्यांनी एकदा बाहेर व्हरांड्यात पाहिलं, मुख्याध्यापक नाहीत हे बघितलं असेल, आणि म्हणाले, "या. बसा कुठंतरी."

आये माझ्या बाकाकडे येऊ लागली. तिच्याबरोबर तो वासही येऊ लागला. पुढच्या बाकावरच्या मुलीने नाकाला रुमाल लावला. मी काय केलं, तर माझं दप्तर उचलून शेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवलं. हळूच. कुणाला दिसू नये असं. आयेला दिसलं. तिच्या चालण्यात काही फरक पडला नाही. माझ्या बाजूने ती पुढे गेली आणि शेवटच्या बाकावर बसली, टोपली मांडीवर घेऊन.

चाचणीत अर्धा वर्ग आपटला होता, म्हणून सर पुन्हा पहिल्यापासून शिकवत होते. तेच, छेदणाऱ्या रेषांचं प्रमेय. त्यांनी आकृती काढली, पक्ष लिहिला, साध्य लिहिलं. मी मान वर केली नाही. आणि मागून बाजारातला तो खणखणीत आवाज आला, ज्याने ती गिऱ्हाइकाला रस्त्याच्या पलीकडून थांबवायची:

"मास्तरांनू, एक इचारू?"

वर्ग फुटला. सरांनी हात वर करून हसू थांबवलं. "विचारा."

"ह्ये कोन सारखे हायत ह्ये तर दिसतंच हाय की. कात्री उघडली की दोनी बाजूंना सारखीच उघडते. मग एवडा लिवायचा कशाला?"

पुन्हा हशा. पण मी हसले नाही, कारण जूनपासून माझ्या डोक्यात हाच प्रश्न होता. तो प्रश्न आहे हेच मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं ते माझं अज्ञान आहे. सरही हसले नाहीत. खडू बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही आजवर कात्र्या किती बघितल्या?"

"असतील धा-वीस."

"आन् जगात किती असतील?"

"ते देवाक ठावक."

"मग न बघितलेल्या कात्र्यांचं काय सांगायचं? त्या बी दोन्हीकडं सारख्याच उघडतात, हे कशावरून?"

आयेने मांडीवरची टोपली सारखी केली. "म्हंजे जी बगितली नाय, तिचापन सांगायचा. घरबसल्या."

"घरबसल्या!" सर एकदम म्हणाले. एवढे खूष झालेले मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. "हे बघा. ह्या सरळ रेषेवर ही रेघ टेकली. दोन कोन झाले. दोन्ही मिळून दोन काटकोन, बरोबर? एक मोठा झाला तर दुसरा तेवढाच लहान होणार. आता हा मधला कोन ह्याच्यासंगं बी दोन काटकोन करतो आणि पलीकडच्यासंगं बी. मग ते दोघं?"

"सारखेच झाले की," आये म्हणाली. "दोगांचा भागीदार एकच."

म, न, र, स यांपैकी एकही अक्षर तिने वापरलं नव्हतं. मी फळ्याकडे बघत होते आणि मला पहिल्यांदा तो मधला कोन दिसला. आनंद झाला म्हणावं तर तसं नाही. राग आला. महिनाभर मी ज्याच्यावर डोकं आपटलं, ते हिने मांडीवर टोपली घेऊन एका दमात ओलांडलं होतं.

घरी जाताना आम्ही दोघी एकाच रस्त्याने, पण ती पुढे आणि मी दहा पावलं मागे. दप्तराबद्दल ती बोलली नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतर कधीच नाही. ती बोलली असती तर मी भांडले असते, आणि भांडण कधीतरी संपलं असतं.

ती रोज येऊ लागली. आठ-दहा दिवस आली असेल. बाजार आटोपून, खांद्यावर इरलं टाकून. पहिले दोन दिवस हसणं झालं, मग ते हसणं जुनं झालं. तिसऱ्या दिवशी मी दप्तर पायाशी ठेवलं आणि सरकून बसले. ती आली आणि शेजारी बसली. संध्याकाळी चुलीपाशी ती मला सगळं पुन्हा विचारी, कारण अक्षरं लावताना तिचा गोंधळ होई. मी सांगू लागले की दोन वाक्यांतच तिचं "हां, पन कशावरून?" सुरू होई. पडवीतून बाबा ओरडत, "अगो, तिला भात तरी खाऊ दे!" पाठ केलेलं तिच्यापुढे चालत नसे. तिला अ आणि म यांच्याशी देणंघेणं नव्हतं. तिला कोण कुणाच्या शेजारी बसलाय ते हवं असे. माझी चिडचिड होई. एकदा मी वही फेकलीसुद्धा. तिने ती उचलून, पदराने पुसून, तेच पान उघडून पुन्हा माझ्यापुढे ठेवली.

नारळी पौर्णिमा झाली. बंदरावर नारळ वाहिले, होड्यांच्या झावळ्या निघाल्या, बाबा पाण्यावर गेले. आणि आयेचा दिवस बदलला. आता ताज्या मासळीचा लिलाव दुपारी, होड्या लागतील तसा. तासाला येणं शक्यच नव्हतं. तिने तसं काही जाहीर केलं नाही, फक्त एक दिवस ती आली नाही.

त्या दिवशी सर त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज शिकवत होते. त्यांनी त्रिकोण काढला, आणि मग त्याच्या शेंड्यातून पायाला समांतर अशी एक तुटक रेघ ओढली. "रचना," ते म्हणाले आणि पुढे गेले. मी वाट पाहिली. कुणीतरी विचारील म्हणून. मागचा बाक, शेजारची जागा, कुठूनच आवाज आला नाही. माझा पाय बाकाखाली थडथड उडत होता. आणि मग मी उभी राहिले, काय बोलायचं ते न ठरवता.

"सर, ही रेघ त्रिकोणात नव्हती."

"न्हवती. आपण काढली."

"पण तुम्हाला कसं कळलं, ती इथंच काढायची?"

कुणीतरी "मिठू" म्हणालं. सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते फळ्याकडे वळून त्या तुटक रेघेकडे बघत राहिले, इतका वेळ की मला वाटलं आता जीभ सुटणार. मग ते म्हणाले, "मला न्हाई कळलं. मला माझ्या मास्तरांनी दाखवली. पहिल्यांदा ज्यानं काढली असंल, त्यानं दहा ठिकाणी काढून बघितली असंल. नऊ पुसल्या असतील. पुस्तकात दहावी तेवढी छापत्यात." त्यांनी खडू माझ्यापुढे धरला. "ये. तू काढून बघ. चुकीच्या जागी काढ."

मी गेले. भलतीकडे रेघा काढल्या, पुसल्या, पुन्हा काढल्या. माझे हात, कोपरापर्यंत, पांढरे झाले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा फळ्यावर बरोबर रेघ नव्हतीच. पण तो सबंध वेळ माझा पाय हलला नव्हता. हे मला जागेवर परत आल्यावर कळलं. चूक करायची परवानगी असलेलं, हातपाय हलवत करायचं असं काही या विषयात आहे, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. मी भूमितीत हुशार वगैरे झाले नाही. नववीला शंभरात एक्केचाळीस, मॅट्रिकला त्याहून थोडे बरे. माने सरांनी त्यानंतरही मला दोनदा पोपट म्हटलं, एकदा तरी मी त्याला पात्र होते. आत्याला आयेने सरळच सांगून टाकलं, "चपळ हात हायत, पन ते सद्या गुंतलेत." पुढे मी रुग्णालयात परिचारिका झाले, तीस वर्षं पायांवर उभी राहिले. नातीचे गणिताचे तास आता मोबाइलवर चालतात. त्यातला शिक्षक फार गोड बोलतो, आणि त्याला मध्येच थांबवून काही विचारता येत नाही. मला त्या शिक्षकाची थोडी कीव येते.

तर त्या दिवशीची संध्याकाळ. मी पळत घरी आले. आये नुकतीच लिलावावरून आली होती. उंबऱ्याशी बसून, पाय पुढे पसरून, पाठ भिंतीला टेकवून. हातांवर मासळीचे खवले चिकटलेले. "काय शिकवलान आज मास्तरान?" तिने डोळे न उघडताच विचारलं. मी तिच्यासमोर मातीत बसले, काटकी घेतली आणि त्रिकोण काढला. म्हटलं, हा त्रिकोण. कसलाही घे, बघितलेला, न बघितलेला. आता शेंड्यातून एक रेघ काढू, ती आधी नव्हती, आपण काढायची. "हां," ती म्हणाली. पहिल्या कोनाचं सांगितलं, तेव्हा पुन्हा "हां" आलं. दुसऱ्या कोनाला आलं नाही. मी वर पाहिलं तर तिची मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं, श्वास जड. पहाटे चारला उठलेली बाई. मी तिला उठवलं नाही. उठून आतही गेले नाही. आवाज बारीक केला, तिसरा कोन घेतला, तिन्ही शेजारी शेजारी त्या एका सरळ रेषेवर आणून बसवले आणि सिद्धता शेवटच्या ओळीपर्यंत तिला सांगितली.